आठवड्यातले चार दिवस हिंजवडीत बसा म्हणतात, मी साताऱ्यात आहे. काय उत्तर लिहू?

गोडोलीकर
१२ ऑगस्ट २०२४, रात्री ११.२०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहायची वेळ आज आली. लांबेल, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सगळं लिहिते.

मागच्या सोमवारी कंपनीचा मेल आला. २ सप्टेंबरपासून सगळ्यांनी आठवड्यातले चार दिवस ऑफिसात येऊन काम करायचं. स्वाइपची नोंद दर महिन्याला मॅनेजरकडे जाणार आणि हजेरी कमी भरली तर ती अप्रेझलमध्ये धरणार. ज्यांना अडचण असेल त्यांनी मॅनेजरशी बोलावं. मी बोलले. उत्तर मिळालं, "पॉलिसी सगळ्यांना सारखी. तुला सूट दिली तर उद्या दहा जण दारात उभे राहतील."

मी हिंजवडी फेज २ मधल्या कंपनीत २०११ पासून आहे. इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीची क्लेमची सिस्टीम आमच्याकडे आहे, तिथे मी टेक्निकल लीड. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे दीड झालेले असतात, म्हणून माझी शिफ्ट दुपारी एक ते रात्री दहा. लॉकडाऊन लागलं तेव्हा आम्ही वाकडला भाड्याने राहत होतो. २०२० च्या जूनमध्ये ई-पास काढून साताऱ्याला माहेरी आलो, चार-सहा महिन्यांसाठी म्हणून.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि शब्द गेले. आवाज आहे, समजतंही सगळं, पण हवा तो शब्द तोंडात येत नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवत होती. आता तिच्याकडे स्वच्छ असा एकच शब्द उरलाय, "वही". पाणी हवं असलं तरी वही, पंखा बंद करायचा असला तरी वही, उशी सरकली तरी वही. कुठली वही ते तिच्या डाव्या हाताकडे आणि नजरेकडे बघून कळतं. मला कळतं, माझ्या मुलाला कळतं. दुपारी दोन ते सहा मावशी येतात, जिवापाड करतात, त्यांना अजून निम्म्या वेळा कळत नाही. मग आई डोळे मिटून भिंतीकडे वळते आणि पुढचे दोन तास काहीच मागत नाही. सकाळचे दोन तास मी तिचा व्यायाम घेते: स्टीलच्या फुलपात्राभोवती उजव्या हाताची बोटं एकेक करून गुंडाळायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायची. अडीच वर्षांनी या मे महिन्यात तिने ते फुलपात्र रिकामं का होईना, स्वतः उचललं.

झटका आला तेव्हाच्या मॅनेजरना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी मेलवर लिहून दिलं की पुढील सूचना मिळेपर्यंत साताऱ्यातून काम करायला हरकत नाही. ते आता कंपनीत नाहीत. यजमान कऱ्हाडला बँकेत आहेत, सकाळी साडेआठला निघतात आणि साडेसातला परततात. भाऊ नाशिकला.

मॅनेजरनी मला विचारलं, कामाच्या वेळात आईकडे बघतेस का? खोटं कशाला सांगू? शिफ्टमध्ये चार-पाच वेळा उठते, पाच-सात मिनिटं. ऑफिसात चहाला उठणारा माणूस याहून जास्त वेळ उठतो, आणि ते मी चूक म्हणत नाही. घरात इन्व्हर्टर आहे, फायबर आहे, वर दुसऱ्या कंपनीचं डोंगल. महावितरणची लाइन पावसात पाच-पाच तास गेली तरी माझं काम थांबलेलं नाही. तीन वर्षांत माझ्या टीमकडून एकदाही क्लायंटच्या ठरलेल्या वेळेबाहेर गंभीर तिकीट (म्हणजे सिस्टीममधल्या बिघाडाची तक्रार) गेलं नाही. हे सगळं कंपनीच्याच रिपोर्टात आहे.

जुलैत एक दिवस बोलावलं म्हणून गेले होते, तो दिवस सांगते. पहाटे साडेतीनला उठले, पावणेपाचची बोरिवली गाडी पकडली (मुंबईच्या गाड्या बायपासने जातात, वाकडला उतरता येतं, आणि एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडतं). खंबाटकीत धुकं आणि पाऊस. वाकडहून शेअर रिक्षाने फेज २. आता ऑफिसात कुणाची ठरावीक जागा नाही, अ‍ॅपवर खुर्ची बुक करावी लागते. मला चौथ्या मजल्यावर दुसऱ्याच प्रोजेक्टच्या लोकांत जागा मिळाली. माझ्या टीममधले तिघं चेन्नईला, एक नोएडाला, पुण्यातला एक मुलगा, तो त्या दिवशी आलेला नव्हता. दिवसभर कानाला हेडफोन लावून मी त्याच माणसांशी त्याच स्क्रीनवर बोलले. मीटिंगच्या खोल्या भरलेल्या, म्हणून क्लायंटचा महत्त्वाचा कॉल जिन्यात उभी राहून घेतला. रात्री दहाला सुटले. ऑफिसची कॅब पुणे-पिंपरीच्या हद्दीपर्यंतच, म्हणून थेरगावला मावसबहिणीकडे झोपले. दुसऱ्या दिवशी घरी आले तर आई दारातच खुर्चीवर बसलेली होती. मावशी म्हणाल्या, मी आल्यापासून तिथून हललीच नाही.

मला नोकरी सोडायची नाही. काम आवडतं, तेरा वर्षं दिली आहेत, आणि आईचं औषधपाणी त्या पगारावर चालतं. मला दया म्हणूनही सूट नको आहे. मी समोर बसून काम केल्याने कामात काय फरक पडणार, एवढं एक त्यांनी सांगावं. कायद्याने मला काही आधार आहे का? अर्ज कसा लिहू? आणि माझी बाजू कुठे कच्ची असेल तर तेही सांगा, राग मानणार नाही.

---

जुनी फाइल
१३ ऑगस्ट २०२४, सकाळी ७.०५

गोडोलीकर ताई, मी २६ वर्षं एचआर आणि कामगार कायद्याचं काम केलं, आता निवृत्त आहे. कडू भाग आधी सांगतो. खासगी नोकरीत घरून काम मागण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे कुठल्याच कायद्यात नाही. कायद्यात तो उल्लेख जिथे स्पष्ट आहे ती जागा म्हणजे मातृत्व लाभ कायदा. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा आली, तेव्हाच कलम ५(५) आलं: रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने घरून काम. तुम्हाला ते लागू नाही.

नेमणूकपत्र काढून बघा. बहुतेकांच्या पत्रात कामाचं ठिकाण पुणे आणि कंपनी ते बदलू शकते असं असतं. तुमच्या जुन्या मॅनेजरच्या मेलमधले "पुढील सूचना मिळेपर्यंत" हे शब्द कंपनीच्या बाजूने जातात. तरी तो मेल मोलाचा आहे. कंपनीला तुमची परिस्थिती ठाऊक होती आणि जवळजवळ तीन वर्षं तिने ती मान्य केली, हे त्यातून दिसतं. मात्र तो स्वतःच्या घरच्या ईमेलवर पाठवू नका. बऱ्याच ठिकाणी तो नियमभंग धरतात आणि मग मूळ विषय राहतो बाजूला. तारीख आणि विषय वहीत टिपून ठेवा आणि अर्जात त्याचा उल्लेख करा. आपोआप रेकॉर्डवर येईल.

आता तुमच्या उपयोगाची गोष्ट, जी तुम्ही लिहिता लिहिता सांगून गेलात. तुमची शिफ्ट रात्री दहाला संपते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या कलम १३ प्रमाणे स्त्री कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेबरोबर तिला तिच्या राहत्या घराच्या दारापर्यंत पोचवायची जबाबदारी मालकाची असते. तुमचं राहतं घर सातारा आहे. तुम्ही तांत्रिक कामावर आहात, त्यामुळे कायदा लागू नाही असं म्हणणं त्यांना सोपं जाणार नाही. (खऱ्या व्यवस्थापकीय पदांना सूट आहे, म्हणून पदनाम काय लिहिलंय ते बघा.) हे कलम भांडायला काढू नका. "माझी शिफ्ट ऑफिसातून दहापर्यंत चालणार असेल तर परतीची व्यवस्था काय, हे कृपया कळवावे" एवढं एक वाक्य घाला. वाचणाऱ्याला पुढचं कळतं.

इमारत एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) असेल तर तेही कारण पुढे करतील. २०२२ च्या जुलैत केंद्राने एसईझेड नियमांत घरून कामाचा नियम ४३-अ आणला, तेव्हा निम्म्या लोकांना आणि जास्तीत जास्त वर्षभर अशी मर्यादा होती. त्याच डिसेंबरात ती सैल केली आणि आता या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुदत आहे. म्हणजे आज तरी एसईझेडचं बोट दाखवता येत नाही.

एक चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे. अर्ज दिला, उत्तर आलं नाही, म्हणून माणूस घरूनच काम करत राहतो. पुढे त्याची नोंद गैरहजर अशी होते. २ तारखेपर्यंत उत्तर नाही आलं तर त्या आठवड्याची रजा टाका, ती मंजूर करून घ्या, पण विनापरवाना घरी बसू नका. रागाने राजीनामा तर मुळीच नको. ९० दिवसांचा नोटिस पिरियड असेल तर ते तीन महिने ऑफिसात येऊनच काढायला लावतात.

---

बालेवाडीकर
१३ ऑगस्ट २०२४, दुपारी १.४०

तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमच्या बाबतीत सूट मिळायलाच हवी असं माझं मत आहे. पण बाजू कच्ची कुठे ते सांगा म्हणालात, म्हणून दुसरीकडून लिहितो. मी अठरा जणांची टीम चालवतो.

२०२१ मध्ये कॉलेजातून आलेला एक मुलगा मी घेतला. लातूरला घरी बसून काम करायचा. हुशार. एका चुकीवर तो तीन दिवस अडकून पडला आणि आम्हाला पत्ता नाही. चौथ्या दिवशी मी फोन केला तर रडवेला झाला होता. तुम्हाला सारखं सारखं कसं विचारू, असं म्हणाला. पाच मिनिटांचं काम होतं. तो माझ्या शेजारी बसला असता तर त्याचं तोंड बघूनच मी विचारलं असतं. टीम्स अ‍ॅपवर हिरवा ठिपका दिसतो, तोंड दिसत नाही. पुढे तो ऑफिसला यायला लागला आणि सहा महिन्यांत उभा राहिला.

मी स्वतः नवीन होतो तेव्हा जे शिकलो ते शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या स्क्रीनकडे बघून. तुमच्यासारखे तेरा वर्षांचे लोक घरी आणि नवे लोक एकटे ऑफिसात, हे मला जास्त धोक्याचं वाटतं. तुमचं काम तुम्ही घरून उत्तम करता यात शंका नाही. तुमच्याकडून जे दुसऱ्याला मिळायला हवं ते तिकीट-रिपोर्टात दिसतच नाही. त्याचं उत्तर तुमच्या अर्जात असायला हवं.

---

गोडोलीकर
१३ ऑगस्ट २०२४, रात्री १०.५०

जुनी फाइल, कलम १३ चं मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार. नेमणूकपत्र काढलं, तुम्ही म्हणालात तसंच आहे.

बालेवाडीकर, तुमचं वाचून दिवसभर डोक्यात तेच राहिलं. आमच्याकडे जानेवारीत चेन्नईला एक मुलगी रुजू झाली. तिला मी रोज साडेबाराला, शिफ्टच्या आधी, वीस मिनिटं फोन करते. कॅमेरा लावून, आणि कामाचं काही नसलं तरी. सुरुवातीला तीही गप्प असायची. पण ती चेन्नईत आहे. मी हिंजवडीत गेले तर तिच्या शेजारी बसणार नाही. पुण्यातला मुलगा आहे त्याच्याबाबत मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्याच्यासाठी मी काहीच ठरवून केलेलं नाही. तो विचारत नाही, म्हणून त्याला येतंय असं मी धरून चालले. आज त्याला फोन केला. दोन गोष्टी त्याने मार्चपासून विचारायच्या ठेवल्या होत्या.

---

थेम्सकाठी
१४ ऑगस्ट २०२४, पहाटे २.३०

मी इंग्लंडात रेडिंगला आहे, म्हणून तुमच्या क्लायंटच्या बाजूचं सांगते. यंदा ६ एप्रिलपासून इथे (इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड) नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाची वेळ किंवा जागा बदलून मागायचा हक्क आला आहे. आधी २६ आठवडे थांबावं लागायचं. वर्षात दोनदा अर्ज करता येतो आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. मागितलं की मिळालंच असं नाही, नकार देता येतो. पण कायद्यात आठ कारणं दिलेली आहेत: खर्चाचा बोजा, कामाच्या दर्जावर परिणाम, काम इतरांत वाटून न देता येणं वगैरे. त्यातलं एक सांगावं लागतं, आणि नाही म्हणण्याआधी माणसाशी बोलावं लागतं. "तुला दिलं तर सगळे मागतील" हे त्या आठात नाही.

तुमच्या कंपनीला हा कायदा लागू नाही, पण ज्या विमा कंपनीचं काम तुम्ही करता तिथली माणसं हाच अर्ज देत असणार. तुम्ही नकाराचं कारण लेखी मागा. कामाच्या कोणत्या भागावर परिणाम होतो ते लिहा म्हणावं. लिहायला बसलं की माणूस विचार करतो.

---

वाकड पूल
१४ ऑगस्ट २०२४, सकाळी ९.५०

मी ऑफिसपासून साडेसहा किलोमीटरवर राहतो आणि आत्ता हे भूमकर चौकात बसमध्ये बसून लिहितोय. चाळीस मिनिटं झाली. पुढे मेट्रोचे खांब उभे आहेत, खाली रस्त्याला खड्डे आहेत, पावसाचं पाणी आहे. मेल लिहिणारे साहेब सकाळी साडेसातला येऊन चारला जातात, त्यांना हा रस्ता दिसतच नाही. ताई, तुमच्या अर्जात ही वेळही लिहा. सगळ्यांच्या वतीने.

---

आकडेमोड
१४ ऑगस्ट २०२४, रात्री ८.१५

मॅनेजर लोकांना माणसांच्या गोष्टींपेक्षा अभ्यास पटतो, म्हणून दोन सांगतो. दोन्ही चीनमधल्या एकाच मोठ्या ट्रॅव्हल कंपनीतले, आणि दोन्हींत स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आहेत.

पहिला २०१० च्या अखेरीला सुरू झाला. कॉल सेंटरचे २४९ लोक, नऊ महिने, निम्मे चार दिवस घरून. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण संपल्यावर कुठून काम करायचं ते निवडा म्हटलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले निम्मे ऑफिसला परतले. एकटं वाटतं, हे मोठं कारण. कामाच्या मानाने बढतीतही ते मागे पडले होते. बालेवाडीकरांचा मुद्दा याच्याजवळ जातो.

दुसरा याच जूनमध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. १,६१२ लोक, त्यात इंजिनिअरही. निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घर, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस. दोन वर्षांच्या अप्रेझल-बढतीत काही फरक पडला नाही. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं, आणि बायकांत व लांबून येणाऱ्यांत हा परिणाम ठळक होता. सुरू होण्याआधी मॅनेजरांना वाटत होतं की उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल. संपल्यावर तेच लोक म्हणाले की १ टक्क्याने वाढली.

ताई, हा दुसरा अभ्यास तीन दिवस ऑफिस धरून आहे. पूर्ण वेळ घरून काम केल्याचा पुरावा म्हणून तो वापरू नका, समोरचा वाचून आला असेल तर तिथेच पकडेल. मधला मार्ग मागणार असाल तर खुशाल वापरा.

---

गोडोलीकर
२३ सप्टेंबर २०२४, रात्री १०.३५

उशिरा लिहितेय, मध्ये गौरी-गणपती होते. सगळ्यांना काय झालं ते सांगायला हवं.

अर्ज १९ ऑगस्टला दिला. पहिल्या परिच्छेदात फक्त काम लिहिलं: टीम कुठे कुठे बसते, शिफ्ट कुठली, तीन वर्षांत काय दिलं. दुसऱ्यात आई, चार ओळी, डॉक्टरांचं पत्र जोडून. तिसऱ्यात मागणी. सहा महिने, दर पंधरवड्याला सलग दोन दिवस ऑफिस, तेही पुण्यातला मुलगा असेल तेच दोन दिवस. थेम्सकाठींचं वाक्य जवळजवळ तसंच घेतलं: "विनंती अमान्य झाल्यास माझ्या कामाच्या कोणत्या भागावर परिणाम होतो ते लेखी कळवावे." आणि शेवटी परतीच्या व्यवस्थेची ती एक ओळ. आकडेमोड, तुमचा दुसरा अभ्यासही जोडला, तीन दिवस ऑफिसचा आहे हे स्पष्ट लिहून. वाकड पूल, तुमची चाळीस मिनिटं पण आहेत.

३० ऑगस्टपर्यंत काहीच नाही. २ तारखेच्या आठवड्याची रजा टाकली. ५ तारखेला एचआरचा फोन आला, ५० मिनिटं चालला. फोनवरच्या मुलीने पहिलाच प्रश्न शिफ्टचा विचारला. मॅनेजरना बहुधा साडेनऊचं ठाऊक नव्हतं. १३ ला मेल आला. ३१ मार्च २०२५ पर्यंत मंजूर, पंधरवड्याला दोन दिवस ऑफिस, त्या दोन दिवसांपुरती शिफ्ट सकाळी साडेअकरा ते संध्याकाळी साडेआठ, वाकडपर्यंत कॅब. लेखी आहे, तारखेसकट आहे. आधीच्या "पुढील सूचना मिळेपर्यंत"पेक्षा हे कितीतरी बरं.

तरी एक गोष्ट मनाला लागली आहे. मेलमध्ये मंजुरीचं कारण "कौटुंबिक वैद्यकीय परिस्थिती, अपवाद म्हणून" असं दिलंय. माझ्या पहिल्या परिच्छेदाबद्दल एक शब्द नाही. मी काम पुढे ठेवलं आणि त्यांनी आईकडे बघून दिलं. त्याच आठवड्यात पुण्यातल्या मुलाने अर्ज केला होता. तो बार्शीचा. घरी कुणी आजारी नाही. वाकडच्या एका खोलीला पगाराचा तिसरा हिस्सा जातो आणि रोजचे अडीच तास रस्त्यावर जातात, एवढंच त्याने लिहिलं होतं. काम तो माझ्याइतकंच चोख करतो. त्याला दोन ओळींत नकार आला, कारण न देता. मी ते मॅनेजरजवळ काढलं तर ते म्हणाले, त्याला काय अडचण आहे? म्हणजे घरात कुणी अंथरुणावर असल्याशिवाय माणसाने काही मागूच नये का? हे मला पटत नाही आणि मार्चमध्ये माझा आढावा होईल तेव्हा मी हे बोलणार आहे.

आईला गेले चार दिवस सांगतेय की मी दोन दिवस जाणार आणि गुरुवारी सकाळी येणार. भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यावर दोन चौकोनांत मुलाने एसटी काढली आहे. आज संध्याकाळी ती डाव्या हाताने त्या चौकोनांवर बोट फिरवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "वही." मुलगा म्हणाला, आजी विचारतेय डबा घेतलास का.

डबा भरून ठेवलाय. उद्या पावणेपाचची बोरिवली. बार्शीच्या मुलाला नवीन अर्ज लिहायचा आहे, दुपारी कँटीनमध्ये त्याच्याबरोबर बसणार आहे. जुनी फाइल, त्याचं नेमणूकपत्र २०२२ चं आहे आणि त्यात "हायब्रिड" (थोडं ऑफिस, थोडं घर) असा शब्द आहे. त्याला काही आधार मिळतो का, जमलं तर उद्या दुपारपर्यंत सांगा.